वाकडा धुरा आणि लॅम्बटनचं वर्तुळ

दिवाळीनंतर मामांचा फोन आला. "तुहं ते हेलिकॉप्टर घेऊन ये बा एक दिवस. धुऱ्याचा व्हिडिओ काढून दे वरून."

धुरा म्हणजे दोन शेतांच्या मधला बांध. मामांचं शेत हिंगणघाटच्या बाजूला, कपाशीचं. शेजारचं शेत त्यांच्या चुलतभावाचं. नांगरता नांगरता धुरा कोणी सरकवला, यावरून दोन वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. मी नागपुरात सॉफ्टवेअर लिहितो. ड्रोन हा सुटीच्या दिवसाचा नाद. शहरात विमानतळ आणि हवाई दलामुळे बऱ्याच भागात उडवायला बंदी, त्यामुळे गावाकडचं मोकळं आभाळ मिळणार म्हणून मी खुशीत गेलो.

घरी येऊन व्हिडिओ लावला, तर धुरा सापासारखा वळवळत होता. अख्खं शेत जेलीच्या वडीसारखं थरथरत होतं.

कारण समजायला सोपं आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर पूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. समजा, एक चित्र वाचायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला. माझ्या ड्रोनच्या एका पात्याचा टवका उडाला होता, हे नंतर लक्षात आलं. असं पातं मिनिटाला सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर फेरे घेत असेल, तर दर फेऱ्याला एक धक्का बसतो. एक चित्र वाचून होईपर्यंत कॅमेरा दोनदा हलतो आणि सरळ रेघेला दोन लाटा येतात. हा दोष मोबाइलच्या जमान्यातला नाही. फ्रेंच छायाचित्रकार लार्तिगनं शंभरेक वर्षांपूर्वी शर्यतीतल्या मोटारीचा एक प्रसिद्ध फोटो काढला. त्यात मोटारीचं चाक पुढे कललेलं लंबगोल दिसतं, तेही याच जातीच्या कारणानं. त्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्यातली फट काचेवरून सरकत जायची, तोवर मोटार पुढे गेलेली असायची.

मी पातं बदललं, पण पुन्हा गावाला जायचा कंटाळा केला. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रावर जाळी टाकली आणि धुरा सरळ होईपर्यंत ती ओढत बसलो. दोन तासांत धुरा फुटपट्टीनं आखल्यासारखा झाला. मामांना पाठवला. लगेच उत्तर आलं: "बेस. आता हाच तहसीलीत दाखवतो."

आणि मला घाम फुटला. धुरा सरळ आहे हे मला कोणी सांगितलं होतं? मीच धरून चाललो होतो.

हिंगणघाट म्हटलं की मला आधी कापूस आठवतो आणि मग विल्यम लॅम्बटन. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा जनक. १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा साखळीनं मोजून त्यानं काम सुरू केलं. एक रेषा अचूक मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन घ्यायचे, त्रिकोण सोडवायचा. त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर पुढचा. अशी त्रिकोणांची साखळी देशभर न्यायची. सगळा भरवसा कोनावर, आणि कोनाचा भरवसा एका यंत्रावर: लंडनच्या कॅरीनं बनवलेल्या, सुमारे अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटवर. त्याचं पितळी वर्तुळ तीन फूट व्यासाचं होतं आणि कोन मोजायच्या बारीक खुणा त्याच्याच कडेवर कोरलेल्या होत्या.

१८०८ मध्ये लॅम्बटन तंजावरला पोचला. गादीवर तेव्हा सरफोजीराजे भोसले होते. त्यांच्या घराण्याचा इतिहास सांगणारा लांबलचक मराठी शिलालेख बृहदीश्वराच्या भिंतीवर पाचच वर्षांपूर्वी कोरला गेला होता. आजूबाजूला सपाट भातखाचरं, डोंगर नाही. तेव्हा कोन घ्यायला उंच जागा म्हणजे देऊळच. यंत्र दोरांनी वर चढवताना एक दोर तुटला आणि पेटी देवळावर आदळली. पेटी फुटलीच, आतलं वर्तुळही वाकलं.

विलायतेहून दुसरं यंत्र यायला वर्षं गेली असती. लॅम्बटन वाकलेलं यंत्र घेऊन त्रिचनापल्लीच्या तोफखान्याच्या कोठारात गेला आणि तंबूत कोंडून घेऊन बसला. यंत्र पूर्ण सुटं केलं. एका मोठ्या सपाट फळीवर वर्तुळाच्या मूळ मापाचं अचूक वर्तुळ आखलं. त्यावर वाकलेली कड ठेवली आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून ती हळूहळू ओढत आखलेल्या रेघेवर आणली. वाकलेल्या आऱ्या लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केल्या. सहा आठवडे लागले. ही हकिकत पुढे त्याचा वारसदार जॉर्ज एव्हरेस्ट यानं लिहून ठेवली.

मी ही गोष्ट कॉलेजात वाचली तेव्हा चिकाटीची गोष्ट म्हणून वाचली होती. त्या रात्री फळी दिसली. लॅम्बटननंही ओढाताणच केली होती, मीही. पण त्याच्याजवळ वाकलेल्या वस्तूच्या बाहेरचं एक खरं वर्तुळ होतं. मी धुऱ्याचा वाक काढायला धुऱ्याबद्दलची माझी समजूतच वापरली होती.

शिवाय दुरुस्तीनंतर लॅम्बटन नुसत्या यंत्रावर विसंबला नाही. मजल दरमजल उत्तरेकडे सरकताना मध्येच नवी पायारेषा जमिनीवर मोजायची आणि त्रिकोणांच्या हिशेबातून आलेल्या लांबीशी ताडून पाहायची. १८१५ मध्ये बिदरजवळ अशी एक मोजली. पुढे एव्हरेस्टनं एकच कोन वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवर घ्यायची शिस्त लावली, म्हणजे कडेत कुठे खोट असलीच तर ती सरासरीत विरून जावी. यंत्र चुकणार हे दोघांनीही धरूनच ठेवलं होतं.

लॅम्बटनला मुख्यालय हैदराबादहून नागपूरला हलवायचं होतं. या मुक्कामाला तो पोचला नाही. वाटेत, २० जानेवारी १८२३ रोजी, भोसल्यांच्या मुलखातल्या हिंगणघाटला तो वारला. वय सत्तरीच्या घरात होतं. तिथेच त्याला पुरलं. नागपुरात झिरो माइलच्या दगडाजवळ सेल्फी काढणाऱ्यांपैकी किती जणांना ते नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

दुसऱ्या रविवारी मी पुन्हा गेलो आणि पहिली फाइल मामांच्या मोबाइलमधून पुसायला लावली. या वेळी फळी घेऊन गेलो होतो. माझी फळी म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला बुद्धिबळाचा पट. त्याच्या रेघा सरळ आहेत हे पक्कं माहीत असतं. तो वेगवेगळ्या कोनांतून टिपला की लेन्स सरळ रेघ कुठे किती वाकवते ते हिशेबानं काढता येतं. कॅमेरा कधी किती हलला, याची नोंद ड्रोनमधला जायरोस्कोप सेकंदाला हजारच्या वर वेळा ठेवतो. ती लावून चित्राची प्रत्येक ओळ तिच्या जागी परत नेता येते. धुऱ्याचा आकार यात कुठेच विचारला जात नाही.

लाटा गेल्या. पण निंबाच्या झाडाजवळ एक वाक राहिला. धुरा तिथे चुलतमामांच्या बाजूला पोट काढून होता.

मामा बराच वेळ मोबाइलकडे पाहत राहिले. "हेही तुह्या मशीनचंच असंल."

"असू शकते," मी म्हटलं. "मोजणी मागवा."

कारण माझा व्हिडिओ कितीही सुधारला तरी जमिनीवरची खूण त्यात नव्हती. ड्रोननं खरी मोजणी करतात तेव्हा जमिनीवर नेमके माहीत असलेले बिंदू घेऊन चित्र त्यांना बांधतात. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे नकाशे होतात ते याच रीतीनं. तेही लॅम्बटनच्या पायारेषेचंच काम.

मामांनी भूमी अभिलेखकडे अर्ज केला, फी भरली. काही महिन्यांनी मोजणीवाले आले, रोव्हर लावून त्यांनी हद्दीच्या खुणा ठोकल्या. वाक खरा होता. निंबाजवळची पट्टी चुलतमामांची निघाली.

दोघं भाऊ निंबाखाली उभे होते. बोलले नाहीत, पण चुलतमामांनी तंबाखूची डबी पुढे केली आणि मामांनी घेतली. परतताना मामा मला म्हणाले, "तुहा पहिला व्हिडिओच बरा होता लेका."