हौशी रेडिओचा मनोरा : उंची, तणावा आणि सुरक्षिततेची परंपरा

हौशी रेडिओ, म्हणजेच जगभर ‘हॅम’ या नावाने ओळखला जाणारा छंद, हे परवाना घेतलेल्या व्यक्तींनी आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता, स्वतःच्या अभ्यासासाठी व परस्परसंपर्कासाठी चालविलेले बिनतारी संदेशवहन होय. या छंदाच्या इतिहासात प्रेषक आणि ग्राहक यंत्रांविषयी विपुल लेखन झाले आहे; परंतु ज्या खांबांवर व मनोऱ्यांवर अँटेना चढविल्या गेल्या, त्यांच्या उभारणीचा आणि देखभालीचा इतिहासही तितक्याच अभ्यासाला पात्र आहे. जमिनीला समांतर बांधलेली अँटेना जमिनीच्या फार जवळ असली, तर तिची बरीचशी ऊर्जा सरळ वर आकाशाकडे निघून जाते. तीच अँटेना किमान अर्ध्या तरंगलांबीइतकी उंच नेली, की क्षितिजालगत जाणारे व दूरच्या देशांपर्यंत पोहोचणारे तरंग बळावतात. चाळीस मीटर तरंगलांबीसाठी ही उंची २० मीटर, म्हणजे साधारण सहा मजली इमारतीएवढी होते. एवढ्या उंचीची रचना करणारा हौशी माणूस हा एकाच वेळी तिचा मालक, अभियंता, मजूर आणि तपासनीस असतो. कारखान्यातील कामगाराला संरक्षण देणारा कायदा त्याच्या अंगणापर्यंत सहसा पोहोचत नाही, आणि म्हणूनच त्याची सुरक्षितता मुख्यतः परंपरेने, एकाने दुसऱ्याला दिलेल्या ज्ञानाने घडत आली आहे.

या ज्ञानाचे मूळ शिडाच्या जहाजांत सापडते. गुलिएल्मो मार्कोनी यांनी १८९५ मध्ये इटलीत उंचावर टांगलेली तार आणि जमिनीत पुरलेला धातूचा पत्रा यांची जोडी वापरून संदेशाचे अंतर वाढविले, तेव्हापासून उंच खांब ही बिनतारी संदेशवहनाची गरज झाली, आणि असे खांब उभारण्याची विद्या त्या काळी डोलकाठी बसविणाऱ्या कारागिरांपाशी होती. डोलकाठीप्रमाणेच हे खांबही तणाव्यांवर उभे राहत. तंबूचा किंवा मांडवाचा खांब ज्या दोराने ताणून धरतात त्याला मराठीत तणावा म्हणतात. विजेच्या खांबाला दिलेल्या अशाच तारेला आज ताणतार हे नाव रूढ आहे. उंच व सडपातळ खांब स्वतःच्या बळावर वाऱ्यापुढे टिकत नाही. त्याला किमान तीन दिशांनी, परस्परांशी १२० अंशांचा कोन साधून ओढून धरावे लागते, म्हणजे वारा कोणत्याही बाजूने आला तरी त्याला विरोध करणारा एखादा तणावा असतोच.

हे तत्त्व मोडल्यास काय होते, याचा धडा १९०१ मध्ये मिळाला. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात पोल्ढू येथे मार्कोनी यांच्या कंपनीने प्रत्येकी २०० फूट, म्हणजे सुमारे ६१ मीटर उंचीचे २० खांब वर्तुळाकार उभारले होते. या खांबांचे शेंडे एकमेकांना तारांनी जोडलेले होते, आणि त्यामुळे प्रत्येक खांबाची स्थिरता शेजारच्या खांबावर अवलंबून राहिली. १७ सप्टेंबर १९०१ रोजी वादळात हे संपूर्ण वर्तुळ कोसळले. अमेरिकेत केप कॉड येथे याच आराखड्यावर उभारलेले वर्तुळही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पडले. या आराखड्याविषयी अभियंता रिचर्ड व्हिव्हियन यांनी आधीच हरकत घेतली होती, पण ती मानली गेली नाही. पोल्ढूला घाईने दोनच खांब उभारून त्यांच्यामध्ये पंख्याच्या आकारात तारा टांगण्यात आल्या, तर १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये अटलांटिकपारचा संदेश ऐकल्याचे मार्कोनी यांनी जाहीर केले तेव्हा त्यांची अँटेना पतंगाला बांधलेली होती. प्रत्येक खांबाला त्याचे स्वतंत्र तणावे आणि स्वतंत्र खुंट असावेत, एकाच्या पडण्याने दुसरा पडू नये, हा पुढे हौशी मंडळींनी पाळलेला नियम या कोसळण्यातून स्पष्ट झाला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील तरुणांनी घराच्या आवारात आणि छपरांवर असे खांब उभारण्यास प्रारंभ केला. पुढे रेडिओतंत्रात मूलभूत शोध लावणारे एडविन आर्मस्ट्राँग यांनी न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्स गावी, वयाच्या विशीच्या सुमारास, आई-वडिलांच्या घराच्या आवारात १२५ फूट उंचीचा खांब उभारला होता, आणि जहाजावरील खलाशी वापरतात तशा दोरावर टांगलेल्या आसनात बसून ते स्वतःला वर खेचून घेत असत. उंचीची ओढ त्यांना आयुष्यभर राहिली. १९२३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका उंच इमारतीच्या गच्चीवरील प्रसारण मनोऱ्याच्या अगदी टोकावर ते चढल्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्या पिढीच्या धाडसाचे हे मोठे उदाहरण असले, तरी त्यात त्या काळातील उणीवही दिसते : चढणाऱ्याचे रक्षण करणारी कोणतीही ठरलेली पद्धत तेव्हा नव्हती, आणि सारा भरवसा हाताच्या पकडीवर व दोराच्या गाठीवर होता.

साहित्याचे दोषही अनुभवानेच उमगले. वनस्पतिजन्य धाग्यांचा दोर पावसात आखडतो आणि उन्हात सैल पडतो, त्यामुळे कोरड्या दिवशी नीट ताणलेला तणावा भिजल्यावर खांबालाच वाकवू शकतो. म्हणून दोराच्या जागी जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी तार आली. परंतु लांब अखंड तार स्वतःच अँटेनेसारखी वागून ऊर्जा शोषते, यासाठी ती ठरावीक अंतरांवर तोडून मध्ये चिनी मातीचे अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर, म्हणजे विद्युत्‌रोधक, घालण्याची रीत पडली. या अंड्यातून दोन्ही बाजूंच्या तारांचे फास एकमेकांत अडकतील अशा रीतीने ओवलेले असतात. त्यामुळे माती फुटली तरी फास परस्परांत गुंतून राहतात आणि तणावा सुटत नाही. एखादा भाग निकामी झाला तरी संपूर्ण रचना कोसळू नये, हा विचार इतक्या लहान वस्तूत इतक्या नेमकेपणाने उतरलेला क्वचितच आढळतो. विजेपासून संरक्षणासाठी अँटेनेची तार यंत्रापासून तोडून थेट जमिनीशी जोडणारा मोठा खटक्याचा स्विच घराबाहेर बसवावा, असा आग्रह अमेरिकेतील अग्निविम्याशी निगडित नियमांनी याच काळात धरला.

१९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून कमी तरंगलांबीपुरते मर्यादित केले, आणि निरुपयोगी समजल्या गेलेल्या या लघुलहरींनीच त्यांना जग खुले केले. १९१४ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम यांनी स्थापन केलेल्या अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या पुढाकाराने डिसेंबर १९२१ मध्ये स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे पॉल गॉडली यांनी अमेरिकी हौशी केंद्रांचे संदेश ऐकले, तर नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेआँ दलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात अटलांटिकपार दुहेरी संभाषण झाले. तरंगलांबी घटली तशी अँटेनाही लहान झाली, आणि ती एका दिशेला रोखून फिरविता येईल अशी शक्यता निर्माण झाली. याच सुमारास जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी आडव्या दांड्यांची दिशादर्शी अँटेना विकसित केली. १९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शन सुरू झाल्यानंतर घराघरांच्या छपरांवर दिसू लागलेली अँटेना ती हीच. दिशादर्शी लघुलहरींचे महत्त्व ओळखून १९२७ मध्ये पुण्याजवळील खडकी आणि दौंड येथील केंद्रांद्वारे भारत व इंग्लंड यांच्यातील बिनतारी तारसेवाही सुरू झाली होती.

फिरत्या अँटेनेने मनोऱ्यापुढचा प्रश्न मात्र बदलून टाकला. पूर्वी खांबाला केवळ तारेचे वजन पेलायचे होते. आता त्याच्या माथ्यावर वारा अडविणारी, पिळणारी आणि फिरताना झटके देणारी वस्तू आली. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरचा वारा १२० वर गेला की दाब दुप्पट न होता चौपट होतो. शांत दिवशी भक्कम भासणारा मनोरा वादळात का पडतो, याचे उत्तर या गणितात आहे.

सुरक्षिततेचा विचार संघटितपणे मांडला जाण्यास एक शोकप्रद घटना कारण ठरली. लीगच्या ‘क्यूएसटी’ या मासिकाचे संपादकीय काम पाहणारे आणि अति-उच्च कंप्रतेवरील प्रयोगांसाठी ख्यातनाम असलेले रॉस हल यांचा सप्टेंबर १९३८ मध्ये प्रयोग करताना उच्च दाबाच्या विजेचा धक्का बसून मृत्यू झाला. अनुभवी माणूसही क्षणभराच्या चुकीला बळी पडतो, हे सर्वांना त्या दिवशी कळले, आणि मासिकाने सुरक्षिततेची मोहीम हाती घेतली. हा अपघात यंत्राशी घडला होता; तरीही काम करण्यापूर्वी वीज तोडावी, एकट्याने धोक्याचे काम करू नये आणि घाई टाळावी, ही शिस्त मनोऱ्यावरील कामालाही तितकीच लागू पडणारी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हलके अ‍ॅल्युमिनियम मुबलक झाले, दूरचित्रवाणीमुळे घरगुती मनोऱ्यांना मागणी आली, आणि तीन पायांचे, जाळीदार, प्रत्येकी दहा फूट लांबीचे पोलादी तुकडे कारखान्यात तयार होऊ लागले. असे तुकडे एकावर एक चढविण्यासाठी ‘जिन पोल’ वापरतात : उभ्या झालेल्या मनोऱ्याच्या टोकाला तात्पुरता बांधलेला आणि माथ्यावर कप्पी असलेला हा खांब असतो, कप्पीवरून आलेला दोर जमिनीवरची माणसे ओढतात आणि वरचा माणूस तुकडा जागी बसवून बोल्ट आवळतो. १९५९ मध्ये अमेरिकेत मनोऱ्यांच्या रचनेचे लिखित मानक प्रसिद्ध झाले आणि वारा व बर्फ यांचा भार हिशेबात धरण्याची पद्धत स्थिरावली. मात्र मनोरे सोपे झाले तसे अननुभवी हातही वाढले, आणि उभारताना खांब विजेच्या वाहिनीवर कलंडून होणारे मृत्यू इतके गंभीर ठरले की १९७८ मध्ये तेथील ग्राहकसुरक्षा आयोगाने अशा अँटेना व त्यांच्या आधारखांबांवर धोक्याची सूचना छापणे बंधनकारक केले. मनोरा आडवा पडला तरी कोणत्याही वाहिनीपर्यंत पोहोचणार नाही इतके अंतर आधीच मोजून घ्यावे, हा या विषयातील सर्वांत मोलाचा नियम होय.

चढणाऱ्याच्या रक्षणात बदल त्याहून सावकाश झाला. तारखात्याच्या कामगारांचा चामडी कमरपट्टा अनेक दशके वापरात होता. तो हात मोकळे ठेवण्यास उपयोगी पडे, परंतु माणूस पडल्यास सारा हिसका पोटावर व कण्यावर येई. १ जानेवारी १९९८ पासून अमेरिकेत कामगारांसाठी पडझड रोखण्याचे साधन म्हणून कमरपट्टा नाकारला गेला आणि हिसका मांड्या, छाती व खांदे यांवर विभागणारा पूर्ण अंगाचा पट्टा आला. हा नियम स्वतःच्या मनोऱ्यावर चढणाऱ्या मालकाला लागू नव्हता. तरीही हौशी मंडळींनी तो आपणहून स्वीकारला, आणि दोन बांधणदोरांपैकी एक सदैव अडकलेला ठेवूनच पुढचे पाऊल टाकण्याची सवय रूढ केली.

देखभालीच्या परंपरेतही असेच संचित आहे. पोलादी तणावा साधारणतः त्याच्या तुटण्याच्या बळाच्या दहा टक्के ताणावर ठेवतात. तो कमी पडला तर मनोरा झुलतो आणि जास्त झाला तर पायावरील दाब निष्कारण वाढतो. ताण कमी-जास्त करणारे टर्नबकल कंपनांनी आपोआप उलगडू नये म्हणून त्यातून तार ओवून ते जखडतात. जुना तणावा सोडण्यापूर्वी त्याच दिशेला तात्पुरता तणावा बांधतात, आणि जुना मनोरा उतरविताना हे न केल्यास चढलेल्या माणसासह तो कोसळू शकतो. जमिनीत गेलेल्या खुंटाचा गंज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माती उकरून तो तपासावा लागतो.

भारतात अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी १९२१ मध्ये हौशी रेडिओचा प्रारंभ केला. १९३९ मध्ये युद्धामुळे परवाने रद्द झाले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये महू येथे हौशी मंडळींची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. येथील प्रश्न येथील हवेने आणि घरांनी ठरविले आहेत. कोकणपट्टीतील खारी हवा जस्ताचा मुलामा लवकर खाते, त्यामुळे पावसाळ्यापूर्वीची तपासणी येथे टाळता येत नाही; शहरातील गच्चीवर तणावा कठड्याला बांधणे सोयीचे वाटते, पण बहुतेक कठडे आडवा ताण घेण्यासाठी बांधलेलेच नसतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी मंडळींनी संपर्कासाठी हातभार लावला. अशा प्रसंगी अँटेना काही तासांत उभी करावी लागते आणि सावकाश विचार करण्यास वेळ नसतो. तणाव्यांचे कोन, वाहिनीपासूनचे अंतर आणि खुंटाची खोली ही आधीपासून हातात मुरलेली असली, तरच मदतीला गेलेला माणूस स्वतः संकट ठरत नाही.

पोल्ढूच्या वर्तुळापासून पूर्ण अंगाच्या पट्ट्यापर्यंतचा हा प्रवास पाहता असे दिसते, की या परंपरेतील जवळजवळ प्रत्येक नियमामागे एखादा पडलेला खांब किंवा गमावलेला माणूस आहे, आणि ज्यांनी ते पाहिले त्यांनी ते लपविले नाही, लिहून ठेवले. त्यांतील सर्वांत जुना नियम खलाशांकडून आलेला आहे : वर चढणाऱ्यासाठी खाली दोर धरून, नजर वर लावून कोणीतरी उभे असलेच पाहिजे. हजारो किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाशी बोलण्याच्या ओढीने उभारलेला मनोरा आजही त्या एका जवळच्या माणसाच्या भरवशावर उभा राहतो.