एकाच वाड्यात वेगळी चूल : 'होम असिस्टंट' आणि पायथनचा विलग कक्ष

१/ सूर्य मावळताच घरातले दिवे आपोआप उजळावेत, एवढ्याशा इच्छेतून २०१३ साली पॉलस स्खाउटसन यांनी पायथन भाषेत एक छोटी आज्ञावली लिहिली. तिचीच पुढे 'होम असिस्टंट' ही प्रणाली झाली. घराचा कारभार परक्या सर्व्हरवर न सोपवता घरातल्याच संगणकावर चालावा, हे तिचे मूळ तत्त्व. पण ती त्या संगणकावर बसवायची कशी, या प्रश्नालाही स्वतःचा इतिहास आहे.

२/ पायथनमधील मोठी आज्ञावली एकटी कधीच नसते. ती इतरांनी लिहिलेल्या असंख्य लायब्ररींवर उभी असते. एकीला एखाद्या लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी, तर दुसरीला नवी. दोन्ही आवृत्त्या एकाच जागी नांदत नाहीत. त्यात लिनक्सची स्वतःची कित्येक साधनेही पायथनवरच चालतात. म्हणजे दिवा लावायला जावे आणि संगणकच कोलमडावा, अशी अवस्था.

३/ २००७ साली इयान बिकिंग यांनी 'व्हर्च्युअलएन्व्ह' हे साधन आणून यावर तोड काढली : एकाच वाड्यात प्रत्येकाने आपली चूल वेगळी मांडावी! कार्ल मेयर यांच्या 'पेप ४०५' या प्रस्तावानंतर ही सोय सप्टेंबर २०१२ मध्ये, पायथन ३.३ पासून, 'व्हेन्व्ह' या नावाने भाषेतच समाविष्ट झाली.

४/ ही रचना विलक्षण साधी आहे. कक्ष म्हणजे केवळ एक फोल्डर. त्यात लायब्ररींची स्वतंत्र जागा असते. कक्ष 'सक्रिय' करणे म्हणजे आज्ञा शोधताना संगणकाने प्रथम याच फोल्डरात पाहावे, अशी व्यवस्था करणे. होम असिस्टंटसाठी लोक स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करीत, त्याच्या नावे कक्ष उभारीत, 'पिप'ने प्रणाली आणीत आणि ८१२३ क्रमांकाच्या पोर्टवर आपले घर उघडीत.

५/ परंतु चूल वेगळी झाली तरी छप्पर एकच राहते. हा कक्ष सुरक्षेचा तट नव्हे. आतली आज्ञावली बाहेरच्या फायली वाचू शकते. शिवाय मूळ पायथन बाहेरचाच. होम असिस्टंटला नवा पायथन लागला, की कक्ष पुन्हा बांधण्याचे काम मालकाच्याच माथी.

६/ येथे इतिहासाने दोन उलट वळणे घेतली. जून २०२३ मधील डेबियन १२ ने मूळ पायथनमध्ये 'पिप'ने थेट भर घालण्यास मज्जाव केला. विलग कक्ष हाच राजमार्ग ठरला. उलट मे २०२५ मध्ये होम असिस्टंटने याच पद्धतीचे अधिकृत पाठबळ काढून घेत असल्याचे जाहीर केले. स्वतःची संगणक प्रणाली आणि कंटेनर, हे दोनच मार्ग त्यांनी पुढे ठेवले.

७/ वाट बुजलेली नाही. सोबत मात्र सुटली. सोय वाढली की घराचे आतले बांधकाम डोळ्यांआड होते. म्हणून एकदा तरी हा कक्ष स्वहस्ते उभारून पाहावा. आपल्या घराचा दिवा कशाकशाच्या आधारावर जळतो, हे त्याशिवाय कळत नाही.