गुरुजी लांब, वर्ग इथे: रायतूर, शरणपूर आणि ऑनलाइन धर्मशिक्षक

मंडळी, आपण आज द्वारकेला जमलो आहोत. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथे मिळतात, आणि नाशिकला आलेला माणूस एकदा तरी इथल्या कोंडीत अडकतोच. विषय आहे ख्रिस्ती धर्मशिक्षणातला ऑनलाइन शिक्षक. इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याचं कारण इथून काही किलोमीटरवर आहे, शरणपूर. पण तिकडे जाण्याआधी थोडं गोव्याला जाऊन येऊ.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, आणि दुसऱ्या लाटेत बंद झालेली पुन्हा उघडली ७ ऑक्टोबर २०२१ ला. त्या काळात संडे स्कूल मोबाइलवर भरायला लागली, आणि पुढे काही ठिकाणी ती सवयच झाली. तेव्हापासून विचारलं जातं, पडद्यावरून धर्म शिकवता येतो का? आम्हाला वाटतं, प्रश्नाची मांडणी जरा चुकते. समोर नसलेला शिक्षक आपल्याकडे चारशे वर्षांपासून शिकवतोच आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. तिथल्या साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्या जागी ऐकायला काही नव्हतं. म्हणून त्यांनी मराठीत, ओवीत, ख्रिस्तपुराण रचलं. दहा हजारांहून जास्त ओव्या! १६१६ मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. गंमत अशी की पुराणात श्रोते मधूनमधून शंका विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. म्हणजे प्रत्यक्षात समोर कोण बसणार हे माहीत नसताना लेखकाने त्यांचे प्रश्न आधीच ओळखून ठेवले.

स्टीफन्स १६१९ मध्ये वारले. पुराण मात्र देवळांतून वाचलं जात राहिलं. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज धरावी असा हुकूम काढला, तरीही ते टिकलं. पुढे १९०७ मध्ये मंगळूरहून निघालेली आवृत्ती हस्तलिखितांच्याच आधाराने निघाली. ते टिकवलं कुणी? नकलून घेणाऱ्यांनी, आणि दर रविवारी उभं राहून मोठ्याने वाचणाऱ्यांनी. या वाचणाऱ्यांची नावं इतिहासाने ठेवलेली नाहीत. आमचं सगळं लक्ष मात्र त्यांच्यावरच आहे.

आता शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशिकमध्ये १८३२ पासून होतं. १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर ख्रिस्ती वसाहत उभी केली, तीच शरणपूर. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं, त्यातली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जायची आणि पुष्कळशी इथे यायची. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं, बायबल असा त्यांचा दिवस असे. तुम्हाला हे शिकायचं आहे का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि नावंही इंग्रजी दिली गेली. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट उगाच गोड होते.

पण पुढे काय झालं बघा. १ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले. जवळ ना पाळक, ना मिशनरी. त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं, तेव्हा दफनविधीची प्रार्थना वाचली जेकब वेनराइटने. हा नाशिकच्या शाळेचा मुलगा. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. मग सोबत्यांनी देह महिनोन् महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट होता. त्याचे शिक्षक इथे होते आणि तो हजारो मैल दूर. तिथे काय वाचायचं हे त्याला ठाऊक होतं, आणि मुख्य म्हणजे आता आपणच वाचायचं आहे हे त्याला कळलं.

असाच दुसरा, विल्यम जोन्स. तोही इथलाच, मोम्बासाजवळच्या रबाईला शिक्षक म्हणून गेला आणि १८८५ मध्ये त्याला दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन आजच्या युगांडात मारले गेले, तेव्हा मागे उरलेला तांडा रबाईला परत आणला तो जोन्सने. प्राइस यांनी १८७५ मध्ये मोम्बासाजवळ फ्रीयरटाउन वसवलं, तिथे उपयोगी पडली ती नाशिकला शिकलेली माणसं.

आता पडद्याकडे येऊ. कॅथलिक चर्चने २००२ मध्येच इंटरनेटविषयीच्या दस्तऐवजात सांगून टाकलं की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. बाप्तिस्म्याला पाणी लागतं, मिस्साला भाकर लागते. शिकवण्याला मात्र बंदी नाही. आणि १० मे २०२१ ला, म्हणजे महासाथ चालू असतानाच, पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाचं पद औपचारिकपणे स्थापन केलं, तेही सामान्य प्रापंचिकांसाठी. वर्ग मोबाइलवर गेलेले असताना रोमने गावातल्या शिक्षकाकडे बोट दाखवलं, याचं आम्हाला विशेष वाटतं.

आपल्याच नाशिकचं मुक्त विद्यापीठ बघा ना. १९८९ पासून दुरून शिकवतं, तरी अभ्यासकेंद्रं ठेवलीच आहेत. धर्मशिक्षणात तर पाठ सांगणारा आणि मुलाच्या घरी आजी वारली तेव्हा दाराशी उभा राहणारा, असे दोघे लागतात. पहिला पुण्यात असला तरी चालेल, दुसरा त्याच वस्तीतला हवा. आज पुष्कळ ऑनलाइन वर्गांत पहिल्याचं कौतुक होतं, व्हिडिओ छान बनतात, आणि दुसऱ्याला फक्त लिंक पाठवायचं काम उरतं. ही उलटी व्यवस्था आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

म्हणून पुण्यात बसून पेठ-सुरगाण्याच्या मुलांसाठी धडा करणाऱ्या शिक्षकाने पहिला फोन मुलांना करू नये, तिथल्या संडे स्कूलच्या ताईंना करावा. मागच्या आठवड्यात मुलांनी काय विचारलं, पुढच्या रविवारी वाचणार कोण, आणि रेंज गेली तर त्यांच्या हातात छापील काय आहे, हे आधी विचारावं.