पानिपतच्या वाटेवरचा ॲटलस

पानिपत म्हटलं की आपण मराठी माणसं थेट 14 जानेवारी 1761 ला जाऊन पोहोचतो. दिल्लीहून गाडी करायची, काला आमच्या स्मारकापुढे डोकं टेकवायचं आणि परत फिरायचं. या वाटेवर साधारण निम्म्यात सोनीपत लागतं. तिथे आपल्यातलं कुणी थांबत नाही. आज मी तुम्हाला तिथेच थांबवणार आहे, कारण विषय आहे सायकलींच्या जुन्या पोस्टरांचा, आणि आपल्याकडच्या सायकलींवरचं एक अगदी ओळखीचं चित्र या गावचं आहे. खांद्यावर पृथ्वीचा गोल तोलून धरलेला माणूस. ॲटलस.

आधी जरा युरोपात डोकावू. 1885 च्या सुमारास दोन सारख्या चाकांची सायकल आली, 1888 मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला आणि पुढच्या दहा वर्षांत पॅरिसच्या भिंती सायकलच्या पोस्टरांनी भरून गेल्या. त्यांतलं 'ग्लॅडिएटर' सायकलचं 1895 च्या आसपासचं पोस्टर डोळ्यांसमोर आणा. रात्रीचं आकाश, चांदण्या, मोकळ्या केसांची विवस्त्र स्त्री आणि तिच्यासोबत उडत निघालेली सायकल. सायकलच्या पेडलला चक्क पंख आहेत! (हेच चित्र एका वाइनच्या बाटलीवर छापलं, तर 2009 साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने त्या बाटलीवर बंदी घातली. चित्राचं वय तेव्हा शंभरच्या वर होतं.) अल्फोन्स मुखाने 1898 मध्ये 'वेव्हर्ली' सायकलसाठी केलेल्या पोस्टरात तर सायकलचं जेमतेम हँडल दिसतं. बाकी सगळी जागा एका सुंदर स्त्रीची, आणि तिच्यापुढे ऐरण. ऐरण म्हणजे मजबुती, हातातली लॉरेलची डहाळी म्हणजे विजय. या साऱ्या चित्रांचं सांगणं एकच: बसा, जमीन सुटेल, उडाल.

आता सोनीपतला या. जानकीदास कपूर यांनी 1951 मध्ये इथे एका पत्र्याच्या शेडमध्ये ॲटलस कंपनी सुरू केली. वर्षभरात 25 एकरांवर कारखाना उभा राहिला आणि पहिल्याच वर्षी 12,000 सायकली बाहेर पडल्या. बोधचिन्ह मात्र पंखांचं नाही, परीचं नाही. ओझं वाहणाऱ्या माणसाचं.

मला ही निवड फार बोलकी वाटते. ग्रीक कथेत ॲटलसला ओझं उचलायची हौस नव्हती. देवांशी झालेल्या युद्धात तो हरला आणि आकाश खांद्यावर पेलून धरण्याची शिक्षा त्याला झाली. मूळ कथेत आकाशच आहे बरं का, पृथ्वी नंतर आली. म्हणजे बोधचिन्हावर आहे तो शिक्षा भोगणारा कैदी. पण गिऱ्हाइकाला ग्रीक पुराण कशाला माहीत असायला हवं? त्याच्या घरात भिंतीवर द्रोणागिरी उचललेला हनुमान होता, करंगळीवर गोवर्धन धरलेला कृष्ण होता, पृथ्वी डोक्यावर घेतलेल्या शेषाची गोष्ट त्याने लहानपणी ऐकलेली होती. भार पेलणारा तो मोठा, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

गंमत पुढे आहे. मद्रासला 1949 मध्ये टी. आय. सायकल्स स्थापन झाली आणि तिची प्रसिद्ध सायकल होती 'हर्क्युलिस'. हा हर्क्युलिस त्याच कथेत भेटतो. सोनेरी सफरचंदं आणायला ॲटलस जातो, तेवढ्यापुरतं आकाश हर्क्युलिस धरतो. परत आलेला ॲटलस ओझं घ्यायला कुरकुरतो, तेव्हा हर्क्युलिस म्हणतो, बरं, जरा धर, मी डोक्यावर चुंबळ ठेवतो. ॲटलस धरतो आणि हर्क्युलिस सटकतो. चुंबळ हा माझा शब्द, पण कथेत वस्तू तीच आहे. एकाच ओझ्याखाली उभे राहिलेले हे दोघे भारताच्या रस्त्यावर दोन प्रतिस्पर्धी सायकली झाले.

कारण आपल्याकडे सायकल उडण्यासाठी घेतली जात नव्हती. दुधाचे कॅन, गवताचा भारा, गॅसची टाकी, पानिपतसारख्या विणकरांच्या गावात सुताची गाठोडी, पुढे दांडीवर पोर आणि मागे कॅरिअरवर बायको. दुहेरी दांडीची सायकल बनली ती यासाठीच. ॲटलसच्या जुन्या जाहिरातींत साडी नेसून सायकलवर निघालेली तरुणीही दिसते आणि तीही गोड वाटते. पण ही तरुणी जमिनीवरून जाते, नीटनेटकी, कामाला निघाल्यासारखी. पॅरिसची बाई चांदण्यांत होती.

मराठी मुलखाचा धागाही इथे सांगून टाकतो. 1888 मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान निघालं. त्यातले लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेलेले, पण रंगांधळेपणामुळे रंग सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळलेले. सायकलीने आपल्याकडचा एक चित्रकार गमावला म्हणा, की कारखानदार कमावला म्हणा!

आणि आता जवळचा इतिहास. मे 2020. टाळेबंदीत गुरुग्रामहून 15 वर्षांची एक मुलगी जखमी वडिलांना मागे बसवून जुन्या सायकलवरून निघाली आणि सुमारे 1,200 किलोमीटर कापून बिहारमध्ये दरभंग्याला पोहोचली. देशाने कौतुक केलं. मला त्या कौतुकाचा तेव्हाही त्रास झाला, कारण शिक्षेलाच पराक्रम म्हणायची आपली सवय बोधचिन्हापुरती ठीक आहे, पोरीच्या बाबतीत नाही. ॲटलसचा मालनपूरचा कारखाना 2014 मध्ये बंद झाला होता, सोनीपतचा 2018 मध्ये. राहिलेल्या साहिबाबादच्या कारखान्यातलं काम 3 जून 2020 ला थांबलं. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. कामगार फाटकाशी आले तेव्हा नोटीस लागलेली होती.

ही पोस्टरं आणि कॅलेंडरं बहुतेक दुकानांच्या भिंतींवरच जीर्ण झाली. तुमच्या गावातल्या जुन्या सायकल दुकानात एखादं लटकत असेल तर दुकानदाराला विचारून त्याचा फोटो घ्या. खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं, कधी चित्रकाराची सही असते. तेवढा भाग फोटोतून कापू नका.