आठ आण्यांचा कुत्रा आणि आपलं अभयदान



आमच्या कोयनानगरात पाऊस ओसरला की गल्लोगल्ली पिल्लं दिसू लागतात. यंदा मागच्या दारी एका तांबड्या कुत्रीला सहा झाली. दिवाळीपर्यंत दोन उरली. मी रोज भाकरी घालत होते, तरी चार गेली. तेव्हापासून मनात एक प्रश्न घोळतोय. भाकरी घातली की आपली जीवदया पुरी होते का? उत्तर शोधताना जुना इतिहास वाचला, तोच आज सांगते.

गोष्ट 1832 सालची, मुंबईची. उन्हाळ्यात पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती असे, म्हणून ठरावीक दिवसांत बेवारशी कुत्री मारायचा सरकारी नियम होता. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. त्या काळी आठ आणे म्हणजे गरिबाला मोठी रक्कम. मग लोक पाळलेली कुत्रीही दारातून ओढून नेऊ लागले. त्या वर्षी मारण्याची मुदत आणखी वाढवली आणि 6 जूनला पारशी समाज रस्त्यावर उतरला. पारशी धर्मात कुत्र्याला मानाचं स्थान आहे. त्यांच्याबरोबर हिंदू आणि आपले जैन व्यापारीही उभे राहिले. दुकानं बंद झाली, किल्ल्यातल्या गोऱ्यांचा दाणापाणी अडला, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायची, असं ठरलं.

पण बाहेर सोडलेल्या कुत्र्याला खायला कोण घालणार? दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरापोळ उभा केला. एक पारशी आणि एक वाणी, दोघांनी मिळून. त्याच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपणहून कापसासारख्या मालावर लाग बसवून घेतला. ही एखाद्या शेठजीची देणगी नव्हती. मालाच्या प्रत्येक व्यवहारातून थोडा थोडा पैसा मुक्या जनावरांसाठी बाजूला निघत होता. मारण्यासाठी सरकारचे आठ आणे होते, जगवण्यासाठी बाजारपेठेचा लाग.

तरी एक गोष्ट सुटली नाही. कुत्री वाढतच राहिली. पांजरापोळ कितीही मोठा बांधला तरी तो भरतोच.

दुसरी गोष्ट 1926 ची, अहमदाबादची. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आवारातली साठेक कुत्री मारून टाकली. घराणं जैन, त्यामुळे गहजब झाला. गांधीजींनी मात्र त्यांची बाजू घेतली आणि त्यावर लेखमाला लिहिली. रागावलेल्या जैन वाचकांची पत्रं त्यांच्याकडे आली. मारण्याबद्दलचं त्यांचं म्हणणं मला आजही पटत नाही. पण त्यांनी दुसरंही एक सांगितलं होतं. बेवारशी कुत्र्याला तुकडा टाकून पुढे जाणं ही खरी दया नव्हे, समाजाने त्याची पुरती जबाबदारी घ्यायला हवी. हे वाचलं आणि माझ्या हातातली भाकरी मला जड वाटली.

तिसरा मार्ग बऱ्याच उशिरा आला. मद्रासच्या ब्लू क्रॉस संस्थेने 1964 पासून नसबंदीचा आग्रह धरला. मुंबई महापालिकेने 1994 मध्ये कुत्री मारणं थांबवून नसबंदी हाती घेतली. 2001 मध्ये देशभरासाठी नियम आले आणि 2023 मध्ये ते नव्याने झाले. कुत्रं पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला छोटी खाच द्यायची आणि होतं तिथेच परत सोडायचं. परत सोडण्याला कारण आहे. एका जागची कुत्री हटवली की मोकळ्या जागेत, उकिरड्यावर, नवी येतात. नसबंदी झालेलं, लस टोचलेलं कुत्रं आपली हद्द राखतं आणि पिल्लंही होत नाहीत. मुख्य म्हणजे हे काम स्थानिक संस्थेचं आहे, म्हणजे गावात ग्रामपंचायतीचं.

आता आपला खरा पेच. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध यांच्याबरोबर छेद आहे. मग नसबंदी हा छेद नाही का? आमच्या स्वाध्यायात एका काकूंनी हेच विचारलं आणि कोणीच लगेच उत्तर दिलं नाही. मला वाटतं ते असं. छेद हा अतिचार रागाने, लोभाने, आपल्या सोयीसाठी अवयव तोडण्याबद्दल आहे. वैद्य गळू कापतो तेव्हा हातात शस्त्रच असतं, पण भाव वेगळा असतो. दोष अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. गृहस्थाच्या हातून आरंभी हिंसा घडते, तसंच हेही. पण दरवर्षी सहातली चार पिल्लं थंडीत, गाडीखाली, उपाशी मरताना पाहायची आणि आपले हात स्वच्छ आहेत म्हणायचं, हा प्रमाद त्याहून मोठा. शिवाय आपल्याकडे भोवती जंगल आहे. कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत येतो, आणि कुत्र्यांचे रोग रानातल्या कोळसुंद्यांपर्यंत पोचतात. एक जीव दुसऱ्याला बांधलेला आहे.

मागच्या महिन्यात आम्ही चौघींनी वर्गणी काढून त्या तांबडीला गाडीने कऱ्हाडला नेलं. शस्त्रक्रियेपेक्षा गाडीभाडंच जास्त झालं. परतताना ती माझ्या पायाशी झोपली होती. एक झाली, पण गावात अशा कितीतरी आहेत. वर्गणीने हे होणार नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत आम्ही अर्ज देणार आहोत. पंचायतीने वर्षाच्या अंदाजपत्रकात कुत्र्यांच्या नसबंदीसाठी आणि लसीसाठी रक्कम धरावी, आणि शेजारच्या गावांनी मिळून वर्षातून एकदा शिबिर घ्यावं. आपल्या पूर्वजांनी व्यापारावर लाग बसवून घेतला होता. आपण तर घरपट्टी भरतोच, त्यातलाच वाटा मागायचा आहे.

आहार, औषध, शास्त्र, अभय अशी चार दानं आपण पाठशाळेत शिकलो. भाकरीचं आहारदान आपल्याला सवयीचं आहे. आता औषधदान आणि अभयदानही त्या मुक्या जिवांच्या पदरात पडू दे. तुमच्या गावची ग्रामसभा कधी आहे, तेवढं आज घरी विचारून ठेवा.