जुनी घरे, नवे मनोरे: टोरंटोतील एका शेजाराचा इतिहास

कॅनडातील टोरंटो शहराच्या मध्यभागात एकोणिसाव्या शतकातील अडीच मजली विटांच्या घरांची रांग आणि तिच्या अगदी पाठीशी उभा राहिलेला तीस-चाळीस मजल्यांचा निवासी मनोरा असा शेजार अनेक रस्त्यांवर आढळतो. त्याचा उलगडा करताना एक तर नियोजनाच्या अभावाकडे बोट दाखवले जाते, किंवा वारशाविषयीच्या नागरिकांच्या आस्थेला श्रेय दिले जाते. परंतु जमिनीची मूळ वाटणी, घरे विकत घेण्याची विकासकांची रीत आणि १९७० नंतरचे नियम एकत्र पाहिले, तर जुने घर आणि नवा मनोरा ही एकाच तडजोडीची दोन अंगे असल्याचे दिसून येते.

१७९३ मध्ये जॉन ग्रेव्हज सिम्को या ब्रिटिश प्रशासकाने ओंटारिओ सरोवराच्या काठी यॉर्क या नावाने ही वसाहत स्थापली, तेव्हा दहा चौकांच्या गावठाणाच्या उत्तरेस जमिनीचे लांबट पट्टे आखून ते सरकारी आणि लष्करी अधिकाऱ्यांना बहाल करण्यात आले. ‘पार्क लॉट’ म्हणून ओळखला जाणारा असा प्रत्येक पट्टा १०० एकरांचा, ६६० फूट रुंद आणि आजच्या क्वीन रस्त्यापासून ब्लूर रस्त्यापर्यंत सुमारे सव्वा मैल लांब होता. १८३४ मध्ये यॉर्कचे टोरंटो शहर झाले आणि लोकसंख्या वाढू लागली, तसतसे या पट्ट्यांचे मालक आपापल्या सोयीने, वेगवेगळ्या काळी त्यांचे तुकडे पाडून विकू लागले. त्यामुळे एका पट्ट्यातील रस्ता शेजारच्या पट्ट्यातील रस्त्याला अनेकदा सरळ जाऊन मिळत नाही, आणि रस्त्याकडेला कमी रुंदी पण मागे भरपूर खोली असलेले भूखंड हे शहराच्या जुन्या भागाचे वैशिष्ट्य बनले.

१८७० नंतर अशा भूखंडांवर ‘बे-अँड-गेबल’ नावाचा घराचा प्रकार रूढ झाला. ‘बे’ म्हणजे दर्शनी भिंतीतून पुढे काढलेला, तिन्ही बाजूंना खिडक्या असलेला भाग, आणि ‘गेबल’ म्हणजे त्याच्या माथ्यावर उतरत्या छपराखाली तयार होणारा टोकदार त्रिकोण. घरे जोडीने किंवा रांगेने बांधली जात आणि मधली भिंत समाईक असे, म्हणून उजेड केवळ पुढून आणि मागून मिळे. पुढे काढलेली खिडकी अरुंद घरात अधिक उजेड आणण्याचा व्यवहारी उपाय होता. लाल आणि पिवळसर विटांच्या या घरांनी शहराला एकसारखा चेहरा दिला. त्याहून महत्त्वाचा परिणाम असा, की एकेका चौकात डझनावारी स्वतंत्र मालक निर्माण झाले आणि त्यांची संमती मिळवल्याशिवाय तेथे मोठी इमारत उभारणे अशक्य ठरले.

विसाव्या शतकात सुखवस्तू कुटुंबे बाहेरच्या उपनगरांकडे सरकली, तेव्हा या घरांच्या खोल्या सुट्या भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. स्थलांतरित आणि एकटे कामगार तेथे राहू लागले आणि डागडुजी मागे पडली. १९३४ मध्ये ओंटारिओ प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर हर्बर्ट ब्रूस यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या अहवालाने शहरातील निकृष्ट घरांचे चित्र मांडून ती पाडण्याची शिफारस केली, आणि १९४७ च्या सार्वमतात मंजुरी मिळाल्यावर पुढच्या वर्षी रीजंट पार्क या मोठ्या सार्वजनिक गृहप्रकल्पाचे काम सुरू झाले. त्यासाठी कॅबेजटाउन या कामगार वस्तीचा दक्षिणेकडील बराच भाग जमीनदोस्त करण्यात आला. त्या वस्तीचे नाव मात्र टिकले आणि पुढे उत्तरेकडील डॉन व्हेल भागाला चिकटले, त्यामुळे आज कॅबेजटाउन म्हणून जी देखणी घरे दाखवली जातात, ती मूळ कॅबेजटाउनच्या हद्दीबाहेरची आहेत.

सरकारी पाडकामापाठोपाठ खासगी विकासक पुढे आले. १९६० च्या दशकात सेंट जेम्स टाउन येथे व्हिक्टोरियन काळातील घरांच्या जागी भाड्याच्या सदनिकांचे उंच मनोरे दाटीने उभारण्यात आले. सरकारने सक्तीने जमीन ताब्यात घेतल्यास चौक एकदम रिकामा होतो. विकासकाला मात्र तोच चौक एकेक घर विकत घेऊन जुळवावा लागतो. घेतलेली घरे दुरुस्तीविना पडू दिली किंवा पाडून जागा मोकळी ठेवली, की उरलेल्या मालकांवर विकण्याचा दबाव येत असे. तरीही एखादा मालक अडून राहिला, तर त्याचे घर जागेवरच राही आणि मनोरा त्याला वळसा घालून उभा राही. सेंट पॅट्रिक रस्त्यावरील ‘अर्धे घर’ हे या रीतीचा ठळक अवशेष आहे: समाईक भिंतीच्या जोडघरांपैकी शेजारचे घर विकासकाने पाडले, आणि ज्याच्या मालकाने विकण्यास नकार दिला ते घर मधोमध कापल्यासारखे शिल्लक राहिले. शेजाराच्या इतिहासातील ही पहिली, योगायोगाची अवस्था होय.

दुसरी अवस्था संघर्षाची आहे. १९६६ मध्ये ट्रेफान कोर्ट या छोट्या वस्तीच्या सक्तीच्या संपादनाला रहिवाशांनी विरोध केला, आणि त्याच लढ्यातून पुढे आलेले जॉन स्यूएल १९६९ मध्ये नगरसेवक व नंतर महापौर झाले. जुन्या वस्त्या चिरत शहराच्या मध्यभागाकडे येणारा स्पडायना द्रुतगती मार्ग प्रांताचे पंतप्रधान बिल डेव्हिस यांनी जून १९७१ मध्ये थांबवला. त्याविरुद्धच्या चळवळीत १९६८ मध्ये न्यूयॉर्कहून टोरंटोला स्थायिक झालेल्या नगरविचारवंत जेन जेकब्स यांचाही सहभाग होता. १९७२ च्या निवडणुकीत डेव्हिड क्रॉम्बी महापौर झाले आणि पुढच्याच वर्षी मध्यभागातील नव्या बांधकामांवर ४५ फुटांची तात्पुरती उंचीमर्यादा घालण्यात आली. त्याच वर्षी संघराज्य सरकारने गृहनिर्माण कायद्यात दुरुस्ती करून जुन्या घरांची दुरुस्ती, वस्तीसुधारणा आणि सहकारी घरबांधणी यांना अर्थसाहाय्य देण्याची तरतूद केली. पाडकामाला मिळणारा सरकारी पैसा आता जतनाकडेही वळू लागला; हा बदल झाला नसता, तर नुसत्या निदर्शनांनी फार घरे वाचली नसती.

या काळात वास्तुरचनाकारांनी ‘इनफिल’ नावाची पद्धत विकसित केली, जिचा अर्थ असा: घरे आहेत तशी ठेवून मधल्या किंवा मागच्या मोकळ्या जागेत नवे बांधकाम भरणे. डंडास आणि शेरबोर्न रस्त्यांच्या कोपऱ्यावर १९७३ मध्ये घरांचे पाडकाम तोंडावर आले असताना शहराने ती जागा विकत घेतली, आणि डायमंड व मायर्स या वास्तुरचनाकारांनी जुनी घरे राखून त्यांच्या मागे मध्यम उंचीची इमारत बांधली. मनोऱ्याइतकीच लोकवस्ती कमी उंचीतही सामावता येते, हे त्या रचनेने दाखवून दिले. येथे जुन्या-नव्याचा शेजार प्रथमच योगायोगाने नव्हे, तर आखणीने घडला.

मॉन्ट्रियल आणि व्हँकूव्हर या शहरांनी मात्र वेगळ्या वाटा धरल्या. मॉन्ट्रियलमध्ये १९७३ साली व्हॅन हॉर्न हवेली पाडली गेली, तेव्हा उसळलेल्या संतापातून जतनाच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि मिल्टन-पार्क वस्तीत एका बांधकाम प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील मनोरे उभे राहिल्यावर उरलेली सुमारे ६०० घरे सहकारी संस्थांच्या ताब्यात जाऊन सट्ट्याच्या बाजारातून कायमची बाहेर पडली. व्हँकूव्हरच्या वेस्ट एंड भागात १९५६ मध्ये वापरक्षेत्राचे नियम बदलून उंच इमारतींना वाट मोकळी करण्यात आली आणि बहुतेक जुने बंगले नाहीसे झाले. १८९३ च्या रोएडे हाउससह बार्कले चौकातील मोजकी घरे तेवढी शहराने राखली. म्हणजे एका शहरात शेजाराचे स्वरूप मालकीने ठरवले, तर दुसऱ्यात उंचीच्या परवानगीने.

टोरंटोत तडजोडीचे कायदेशीर रूप हळूहळू घट्ट झाले. १९७५ च्या ओंटारिओ वारसा कायद्याने नगरपालिकांना एखादी वास्तू किंवा संपूर्ण परिसर संरक्षित घोषित करण्याचा अधिकार दिला, परंतु २००५ च्या दुरुस्तीपर्यंत त्यांना पाडकाम केवळ लांबवता येत असे, कायमचे नाकारता येत नसे. त्यामुळे मधल्या काळात मालकाचे मन वळवण्यासाठी देवाणघेवाणीचा मार्ग वापरला जाई, आणि तिच्यातून काही वेळा केवळ दर्शनी भिंत वाचे: कमर्शियल बँकेची १८४५ सालची दगडी दर्शनी भिंत सुटी करून १९९२ मध्ये ब्रूकफील्ड प्लेस या कार्यालयीन संकुलाच्या काचेच्या दालनात पुन्हा जोडण्यात आली. ज्या वास्तूचा चेहरा राखून देह बदलला जातो, तिला जतन म्हणावे की सजावट, हा वाद तेथे अद्याप मिटलेला नाही.

या तडजोडीचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी आहे. शहराच्या विकास आराखड्याने कमी उंचीच्या वस्त्या ‘स्थिर’ मानून त्यांच्यात फारसा बदल होऊ नये असे ठरवले आणि वाढ मध्यभागात, भुयारी रेल्वेच्या स्थानकांभोवती व प्रमुख रस्त्यांच्या कडेला वळवली. जेवढे क्षेत्र गोठवले गेले, तेवढी उरलेल्या पट्ट्यांतली उंची वाढली. म्हणून अडीच मजल्यांच्या गल्लीच्या टोकाशी चाळीस मजले हे दृश्य नियमांच्या अभावातून नव्हे, तर नियमांतूनच जन्मले आहे. गोठवलेल्या घरांच्या किमतीही चढल्या. जुनी घरे विकत घेऊन, रंगरंगोटी करून मध्यमवर्गीय कुटुंबे राहायला येऊ लागली, या प्रवृत्तीला १९७० च्या दशकात टोरंटोत ‘व्हाइट-पेंटिंग’ म्हणत. तिच्यामुळे भिंती वाचल्या, पण खोल्यांत राहणारे गरीब भाडेकरू पांगले.

अलीकडच्या निर्णयांनी ही जुनी विभागणी सैल होत आहे. २०२३ मध्ये टोरंटोने शहरभर एका भूखंडावर चार सदनिकांपर्यंत बांधकामाची मुभा दिली, तर २०२२ च्या प्रांतिक कायद्याने वारसा नोंदवहीतील, पण अजून संरक्षित घोषित न झालेल्या वास्तूंना कालमर्यादा घातली. पूर्वी स्थिर मानलेल्या गल्ल्यांत आता लहान प्रमाणावर भर पडू शकते आणि नोंदवहीचा सैल आधार काढून घेतला जाऊ शकतो. गृहनिर्माण कायद्याच्या १९७३ च्या दुरुस्तीपासून मिळणारा धडा येथे लागू पडतो: घर टिकवायचे असेल, तर त्याच्यासोबत त्यातील भाडेकरूला आणि दुरुस्तीच्या खर्चालाही कायद्यात जागा द्यावी लागते, अन्यथा जतन झालेली वास्तू आणि तिच्या शेजारचा मनोरा, दोन्ही एकाच श्रीमंत वर्गाच्या ताब्यात जातात.