नागपूरची प्रायोगिक रंगभूमी आणि नाट्यपरीक्षण : इतिहाससाधन म्हणून एक विचार

प्रस्तावना :
नाटकाची संहिता ग्रंथरूपाने टिकते; प्रयोग मात्र पडदा पडताच संपतो. व्यावसायिक नाटकाचे शेकडो प्रयोग होतात आणि त्यांच्या जाहिराती, छायाचित्रे व आठवणी मागे उरतात. प्रायोगिक नाटकाचे पुष्कळदा एक-दोनच प्रयोग होतात. अशा वेळी प्रयोग पाहून लिहिलेले परीक्षण हेच त्याचे प्रमुख समकालीन साधन ठरते. नागपूरच्या संदर्भात या साधनाचे महत्त्व व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परिघावरील रंगभूमी आणि समीक्षक :
१९४७ साली एडिंबरो येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात आठ नाट्यसंस्थांनी निमंत्रण नसतानाही आपले प्रयोग केले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने वृत्तपत्रीय लेखात अशा प्रयोगांसाठी 'फ्रिंज', म्हणजे कडेचा भाग, हा शब्द वापरला आणि तोच रूढ झाला. या रंगभूमीला तिचे नावच वृत्तपत्रीय लेखनातून मिळाले, ही बाब लक्षणीय आहे. मराठीत 'प्रायोगिक' व 'समांतर' ही विशेषणे रुळली. मुंबईत 'रंगायन' (१९६०) व 'आविष्कार' (१९७१) या संस्था आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात बहरलेली चळवळ यांना माधव मनोहर, ज्ञानेश्वर नाडकर्णी, पुष्पा भावे, कमलाकर नाडकर्णी यांच्यासारखे जाणते समीक्षक लाभले. मोजक्या प्रेक्षकांनी पाहिलेले प्रयोग त्यामुळे चर्चेत आले व पुढे इतिहासातही गेले.

नागपूरची स्थिती :
मुंबई राज्याने १९५४ मध्ये नाट्यस्पर्धा सुरू केली, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला. पुढे नागपूर हे स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे केंद्र झाले आणि येथील हौशी संस्थांना हक्काचे व्यासपीठ मिळाले. स्पर्धेत प्रत्येक संस्थेचा एक प्रयोग होतो. निवड झाली तरच तो अंतिम फेरीत पुन्हा दिसतो. निकालपत्रात संस्था, दिग्दर्शक व पारितोषिके यांची नोंद राहते. प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता सादर करावी लागत असल्याने तिचाही कागद तयार होतो. मात्र प्रकाशयोजना कशी होती, नटांनी अवकाश कसा वापरला, प्रेक्षक कोठे अस्वस्थ झाले, हे या दोन्ही कागदांतून कळत नाही. मराठीत स्पर्धेच्या गुणांकनाला आणि वृत्तपत्रातील समीक्षेला 'परीक्षण' हा एकच शब्द आहे. परंतु पहिल्याचे कार्य निकालाबरोबर संपते, तर दुसऱ्याचे तेथून सुरू होते.

महेश एलकुंचवार यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. विजय तेंडुलकरांच्या 'मी जिंकलो! मी हरलो!' या नाटकाचा विजया मेहतांनी बसवलेला प्रयोग त्यांनी नागपुरात पाहिला आणि ते नाट्यलेखनाकडे वळले. त्यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ मध्ये मुंबईच्या 'सत्यकथा' मासिकात प्रसिद्ध झाली. ती वाचून विजया मेहतांनी १९६९-७० च्या सुमारास 'रंगायन'तर्फे 'सुलतान', 'होळी' आदी एकांकिका सादर केल्या. नागपूरचा लेखक नाट्येतिहासात आला तो मुंबईच्या मासिकातून व रंगमंचावरून. ज्यांच्या संहिता छापल्या गेल्या नाहीत, त्यांना हा मार्गही खुला नव्हता.

दुसरे उदाहरण प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी' (१९७७) या एकांकिकेचे. पाण्यावरील सामाजिक बंदीचा प्रश्न मांडणारी ही एकांकिका फारसे नेपथ्य न मागणारी, म्हणून कोठेही करता येण्याजोगी. २०१९ साली नागपुरात भरलेल्या ९९ व्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद गज्वींना मिळाले. लेखकाचा गौरव झाला. परंतु अशा एकांकिका गावोगावी करणारे नट आणि त्यांचे प्रेक्षक यांची दखल संमेलनाच्या सन्मानातून घेतली जात नाही.

साधनाच्या मर्यादा :
परीक्षण जसेच्या तसे प्रमाण मानता येत नाही. लहान नाट्यवर्तुळात समीक्षक, दिग्दर्शक व नट परस्परांच्या परिचयाचे असतात. संकोचाने दोष झाकले जातात, क्वचित जुना राग शब्दांत उतरतो. वृत्तपत्रातील जागेच्या अभावी कथानक सांगण्यातच मजकूर संपतो आणि 'अभिनय समाधानकारक' एवढ्यावर नटाची बोळवण होते. म्हणून संशोधकाने परीक्षण हे संहिता, निकालपत्र व कलावंतांच्या मुलाखती यांच्याशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
नागपूरच्या प्रायोगिक रंगभूमीचे मोल केवळ उपलब्ध लेखनावरून ठरवल्यास, जेथे समीक्षक होते तेथेच रंगभूमी होती, असा चुकीचा निष्कर्ष निघेल. नोंदींचा अभाव म्हणजे निर्मितीचा अभाव नव्हे. जुने प्रयोग पुन्हा पाहता येणार नाहीत. मात्र त्यांत काम केलेल्यांच्या आठवणी आजही नोंदवता येतील. महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी हे काम संयुक्तपणे हाती घ्यावे आणि नव्या प्रयोगांची तारीख, स्थळ, कलावंत, रंगमंचीय मांडणी व प्रेक्षकांचा प्रतिसाद नोंदवणारी परीक्षणे विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावीत. आजचे साधे, प्रामाणिक परीक्षण उद्याच्या इतिहासकाराच्या हाती येणारे अस्सल साधन असते.